मत नसलेली माणसं

दिल्लीत पहिल्यांदा भाड्याचं घर शोधत होतो तेव्हाची गोष्ट. मालवीय नगरच्या एका गल्लीत प्रॉपर्टी डीलर मला तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा दाखवत होता. बाल्कनी कुठे उघडते, गिझर कुणाचा, पाण्याची मोटर किती वाजता सुरू करायची, सगळं सांगून झालं. शेवटी दाराला कुलूप घालता घालता त्यानं जागेचा खरा गुण सांगितला. ‘बिल्डिंग बिल्कुल साफ है जी. ना नाइजीरियन, ना नॉर्थ-ईस्ट.’ मग माझ्याकडे पाहून हसला. ‘आप तो महाराष्ट्र से हो, फॅमिलीवाले. कोई दिक्कत नहीं.’

‘साफ’ या शब्दाचा हा अर्थ मला तोवर ठाऊक नव्हता. मी जागा घेतली. भाडं झेपणारं होतं, मेट्रो जवळ होती. त्याच्या बोलण्यावर मी अवाक्षर काढलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे पुष्कळ मोठ्या माणसांच्या गप्प बसण्याबद्दल लिहायचं आहे.

त्या घरापासून पंधरा मिनिटं चाललं की खिडकी एक्स्टेन्शन. मध्ये प्रेस एन्क्लेव्ह रोड आहे. रस्त्याच्या एका अंगाला साकेतचे मॉल, मोठं खासगी रुग्णालय आणि साकेतचं जिल्हा न्यायालय. दुसऱ्या अंगाला खिडकी गाव आणि त्याला चिकटून वाढत गेलेली ही वसाहत. गावाला नाव मिळालं ते चौदाव्या शतकात फिरोजशाह तुघलकाच्या वजिरानं बांधलेल्या मशिदीवरून. तिच्या जाडजूड दगडी भिंतींत जाळीच्या खिडक्या आहेत म्हणून ती खिडकी मशीद. आता मशिदीभोवती चार-पाच मजली इमारती इतक्या दाटीनं उभ्या आहेत की गल्लीत दुपारीही दिवे लागतात. डोक्यावर वायरींचं जाळं, खाली उघडी गटारं, आणि एकाच गल्लीत बिहारी माणसाचं लिट्टी-चोख्याचं खोपटं, अफगाणी तंदूर, नेपाळी मोमोवाली आणि वेण्या घालून देणारं आफ्रिकन बायकांचं सलून. सलूनच्या काचेवर केसांच्या बटांची पाकिटं टांगलेली असतात: काळी, तांबूस, सोनेरी. अशी वेणी घालायला पाच-सहा तास लागतात. तेवढा वेळ आत गाणी आणि गप्पा चालू असतात, आणि बाहेर गल्लीतली पोरं डोकावून जातात.

ही वस्ती इथंच का, याचं उत्तर जमिनीत आहे. दिल्ली वाढत गेली तशा सरकारनं गावांच्या शेतजमिनी संपादित केल्या. गावठाण तेवढं ‘लाल डोरा’च्या आत राहिलं. तिथं बांधकामाचे नियम बराच काळ लागूच नव्हते. शेती गेली, म्हणून गावकऱ्यांनी घरावर घर चढवलं आणि भाड्यावर जगू लागले. खिडकी, हुमायूंपूर, मुनीरका, किशनगढ ही सगळी अशीच गावं. एक्स्टेन्शन म्हणजे अशा गावाला लागून परवानगीविना उठलेली वसाहत. दक्षिण दिल्लीत स्वस्त खोली मिळते ती इथंच, म्हणून मणिपूरची नर्स, कांगोचा विद्यार्थी आणि दरभंग्याचा गवंडी एकाच जिन्यावर भेटतात. तिघेही भाडेकरू. यांपैकी गवंड्याचं नाव कधीतरी दिल्लीच्या मतदारयादीत चढतं. नर्सचं बहुधा गावाकडेच राहतं. कांगोच्या मुलाचं चढण्याचा प्रश्नच नाही. घरमालकाचं मात्र पिढ्यान्‌पिढ्या याच यादीत आहे.

पुढचं सगळं या यादीतून समजून घ्यायचं.

*

15 जानेवारी 2014 ची रात्र. आम आदमी पक्षाचं दिल्लीतलं पहिलं सरकार येऊन तीन आठवडेही झाले नव्हते. मालवीय नगरचे आमदार सोमनाथ भारती त्या सरकारात कायदामंत्री होते. खिडकी एक्स्टेन्शनमधल्या काही रहिवाशांची तक्रार होती की अमुक घरांत अमली पदार्थ विकले जातात, वेश्याव्यवसाय चालतो, आणि पोलीस ऐकत नाहीत. मध्यरात्री मंत्री कार्यकर्त्यांसह तिथं पोचले. पोलिसांना बोलावलं आणि आताच्या आता त्या घरात शिरून झडती घ्या म्हणून हटून बसले. वॉरंटाशिवाय असं कुणाच्या घरात घुसता येत नाही, असं एसीपी त्यांना सांगत राहिले. हा वाद कॅमेऱ्यासमोर झाला आणि दुसऱ्या दिवशी अख्ख्या देशानं पाहिला.

गल्लीत जमावानं काही आफ्रिकन स्त्रियांना गाठलं. त्यांना एम्समध्ये नेऊन तपासण्या करायला लावल्या. अमली पदार्थांचा अंश सापडला नाही. आपल्याला मारहाण झाली, गाडीत कोंडून ठेवलं, असं त्यांनी तक्रारीत म्हटलं. न्यायालयाच्या आदेशावरून गुन्हा नोंदवला गेला आणि सप्टेंबर 2014 मध्ये भारतींसह अनेकांवर आरोपपत्र दाखल झालं. भारतींनी आरोप फेटाळले. आपण लोकांच्या तक्रारीवरून गेलो होतो, हे त्यांचं म्हणणं कायम राहिलं.

लोकांची तक्रार नव्हती असं कोण म्हणेल? रात्री-बेरात्री आवाज, गल्लीत उभ्या राहणाऱ्या गाड्या, पोलिसांची टाळाटाळ, हे सगळं त्या भागात होतंच. दिल्लीत कुठल्या वसाहतीत नाही? पण तक्रार घरावर असते, माणसावर असते. त्या रात्री ती कातडीच्या रंगावर गेली. अशा वेळी आमदाराला दोन वाटा असतात. जमावाच्या पुढे चालायचं, किंवा जमाव आणि दार यांच्या मधे उभं राहायचं. मधे उभं राहायचं काम त्या रात्री एका पोलीस अधिकाऱ्यानं केलं.

त्यानंतर जे झालं ते मला त्या रात्रीपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

20 जानेवारीला मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल रेल भवनासमोर धरण्याला बसले. प्रजासत्ताक दिन सहा दिवसांवर. मेट्रोची आसपासची स्थानकं बंद ठेवावी लागली. मुख्यमंत्र्यांनी कडाक्याच्या थंडीत रस्त्यावर रात्र काढली. मागणी होती पोलीस अधिकाऱ्यांना निलंबित करण्याची. खिडकीच्या जोडीला पहाडगंजमध्ये एका डॅनिश पर्यटक स्त्रीवर झालेला बलात्कार आणि हुंड्यासाठी एका विवाहितेला जाळल्याचं प्रकरण, अशी कारणं त्यांनी मांडली. दिल्लीत पोलीस मुख्यमंत्र्यांच्या हाताखाली नाहीत. 69 व्या घटनादुरुस्तीनं दिल्लीला विधानसभा दिली, पण पोलीस, सार्वजनिक सुव्यवस्था आणि जमीन केंद्राकडे ठेवली. धरण्याचा खरा मुद्दा हा होता. तो लोकशाहीचा मोठा मुद्दा आहे हेही खरं. पण त्यासाठी जे प्रकरण हाती धरलं त्यात पोलिसांनी, क्वचित करतात तसं, कायद्यानं वागायचं ठरवलं होतं.

केंद्रीय गृहमंत्री होते आपले सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे. शिंदे कधीकाळी फौजदार होते. धरणं संपल्यावर हिंगोलीच्या सभेत त्यांनी केजरीवालांना उद्देशून ‘येडा मुख्यमंत्री’ असा शब्द वापरला. लग्न नवीन असताना दंगलीमुळे आपली रजा कशी रद्द झाली होती, आणि आता या माणसामुळे आपल्याला पोलिसांच्या रजा कशा रद्द कराव्या लागल्या, असा तो किस्सा. सभा हसली. दिल्लीच्या इंग्रजी वाहिन्या दिवसभर ‘येडा’चा अर्थ लावत बसल्या. मराठी माणसाला त्या शब्दातला सोलापुरी लाडिक तिटकारा कळतो, त्यांना नुसती शिवी दिसली.

या सगळ्या गदारोळात त्या स्त्रियांबद्दल कोण बोललं? आंदोलक मुख्यमंत्री पोलिसांबद्दल बोलत होते. गृहमंत्री मुख्यमंत्र्यांबद्दल बोलत होते. भाजप दोघांबद्दल बोलत होता. शिंदे स्वतः दलित घरातून वर आलेले. गावकुसाबाहेरचं जिणं म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून वाचायची गरज नव्हती. देशाच्या राजधानीत परक्या बायकांना रात्री रस्त्यावर गाठून अपमानित केलं जातं, यावर हिंगोलीत नसेल तर दिल्लीत दोन वाक्यं त्यांच्याकडून मोठ्यानं यायला हवी होती. त्या आठवड्यातलं त्यांचं लोकांच्या लक्षात राहिलेलं वाक्य येड्याचं आहे.

21 तारखेला नायब राज्यपाल नजीब जंग यांनी मध्यस्थी केली आणि धरणं उठलं. तोडगा असा निघाला की मालवीय नगरचे एसएचओ आणि पहाडगंजचे पीसीआर प्रभारी यांना रजेवर पाठवायचं.

वॉरंट मागणाऱ्या ठाण्याचा प्रमुख रजेवर गेला. एखाद्या बीट कॉन्स्टेबलच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. पुढच्या वेळी ‘यांना बाहेर काढा’ म्हणत जमाव येईल तेव्हा तो काय करील? त्याला कुणी परिपत्रक पाठवत नाही. कुणाची बदली झाली, कोण रजेवर गेला, एवढं पाहून तो शिकतो. नेत्याच्या भाषणाचा परिणाम मोजायला लोक सभेतल्या टाळ्या मोजतात. मला विचाराल तर तो ठाण्याच्या हजेरीपटात मोजावा.

*

याच पंधरवड्यात, 29 जानेवारीला, लाजपत नगरच्या बाजारात अरुणाचल प्रदेशचा जेमतेम विशीतला एक विद्यार्थी पत्ता विचारायला एका दुकानात गेला. त्याचे केस रंगवलेले होते. केसांवरून आणि चेहऱ्यावरून थट्टा झाली, चिडून त्यानं काच फोडली, त्याला मारहाण झाली. दुसऱ्या दिवशी तो गेला. त्याचे वडील अरुणाचलात आमदार होते.

आता काय घडलं पाहा. जंतरमंतरवर ईशान्येतले शेकडो विद्यार्थी जमले. राहुल गांधी तिथं जाऊन बसले, केजरीवालही गेले. दिल्ली सरकारनं दंडाधिकारी चौकशी लावली. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात शिंदे यांच्याच गृहमंत्रालयानं निवृत्त सनदी अधिकारी एम. पी. बेझबरुआ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. लोकसभेची निवडणूक तीन महिन्यांवर आली होती आणि ईशान्येच्या आठ राज्यांतून 25 खासदार निवडून येतात.

हे मी कुत्सितपणे लिहीत नाही. मतांसाठी का होईना, नेते तिथं गेले, आणि त्यातून काही गोष्टी खरोखर बदलल्या. 1093 हा मदत क्रमांक चालू झाला. नानकपुऱ्यात ईशान्येतल्या लोकांसाठी दिल्ली पोलिसांचं खास पथक आहे, तिथं गाऱ्हाणं मांडायला गेलेल्या मुलीला आधी ‘भारतीय आहेस का’ हे सिद्ध करावं लागत नाही. पोलीस भरतीत ईशान्येतली मुलंमुली आली. ज्यांना हे किरकोळ वाटतं त्यांनी 2007 साल आठवावं. त्या वर्षी दिल्ली पोलिसांनी ईशान्येतल्या विद्यार्थ्यांसाठी सुरक्षेच्या सूचनांची एक पुस्तिका काढली. अंगभर कपडे घाला, आणि बांबूचे कोंब, आखुनी असे वासाचे पदार्थ शेजाऱ्यांना त्रास होणार नाही असे शिजवा, असा त्यात सल्ला होता. गंमत अशी की पुस्तिका काढणारे रॉबिन हिबू हे स्वतः अरुणाचलचे, त्या राज्यातले पहिले आयपीएस. आपल्या मुलांनी मार खाऊ नये म्हणून त्यांनी लिहिलं असणार. पण मार देणाऱ्यांसाठी पुस्तिका निघाली नाही. पुढे याच हिबूंनी ईशान्येतल्या लोकांसाठी दिल्लीत पुष्कळ काम केलं, हेही सांगायला हवं.

आखुनी म्हणजे आंबवलेलं सोयाबीन. नागा घरांत डुकराच्या मांसाबरोबर ती शिजते. वास उग्र, हे खरंच. पुण्याच्या सोसायटीत सुके बोंबील भाजणाऱ्या कोकण्यानं त्यावर बोलावं. शेजारीण नाक दाबून वर येते, सेक्रेटरी मिटींगमध्ये विषय काढतो, आणि पुढच्या वेळी भाड्याच्या जाहिरातीत ‘फक्त शाकाहारी’ अशी ओळ येते. 2019 मध्ये निकोलस खारकोंगोर यांनी ‘अखुनी’ नावाचा चित्रपट केला. त्यात हुमायूंपूरमध्ये राहणारी ईशान्येतली मुलं मैत्रिणीच्या लग्नासाठी हा पदार्थ शिजवायला दिवसभर जागा शोधत हिंडतात. आज त्याच हुमायूंपुरात नागा आणि मणिपुरी खानावळींसमोर दिल्लीची पंजाबी पोरं रांगा लावतात. जीभ राजकारण्यांच्या आधी सुधारते.

बेझबरुआ समितीनं 11 जुलै 2014 ला अहवाल दिला. तोवर सरकार बदललं होतं. वंशावरून अपमान करणारे शब्द, हावभाव आणि कृती यांसाठी भारतीय दंडसंहितेत 153 सी आणि 509 ए अशी दोन नवी कलमं घालावीत, ही मुख्य शिफारस. 2012 साली गृहमंत्रालयानं राज्यांना सांगितलं होतं की ‘चिंकी’ म्हणणाऱ्यावर अॅट्रॉसिटी कायद्याखाली कारवाई करता येईल. पण तो कायदा अनुसूचित जाती-जमातींपुरता. इंफाळच्या खोऱ्यातला मैतेई मुलगा त्यात बसत नाही, त्याला मात्र तीच शिवी बसते. म्हणून वेगळं कलम हवं होतं. डिसेंबर 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलेल्या निकालात या घटनांवर देखरेखीसाठी समिती नेमायला केंद्राला सांगितलं.

*

आफ्रिकन मुलांच्या वाट्याला अशी समिती आली नाही. सप्टेंबर 2014 मध्ये राजीव चौक मेट्रो स्थानकात तीन आफ्रिकन विद्यार्थ्यांना जमावानं मारलं. ती मुलं पोलिसांच्या काचेच्या बूथमध्ये शिरली. लोकांनी काचा फोडल्या आणि काठ्या घातल्या. मुलं जीव वाचवायला बूथच्या छपरावर चढली. आजूबाजूला ‘भारत माता की जय’ चालू होतं आणि शेकडो मोबाइल वर धरलेले होते. दिल्लीच्या सर्वात गजबजलेल्या स्थानकात, भरदिवसा. ते चित्रीकरण पाहताना मारणाऱ्यांपेक्षा मोबाइल धरणाऱ्यांचे चेहरे बघावेत. त्यांत राग नाही. सणाला जमलेल्या गर्दीत असते तशी उत्सुकता आहे.

वर्षभरानं, ऑक्टोबर 2015 मध्ये, याच शहरात भारत-आफ्रिका शिखर परिषद भरली. आफ्रिकेतल्या सगळ्या 54 देशांना बोलावणं होतं आणि 41 देशांचे राष्ट्रप्रमुख किंवा शासनप्रमुख आले. सुरक्षा परिषदेतल्या जागेसाठी, तेलासाठी, खाणींसाठी आपल्याला आफ्रिका हवी आहे. दिल्लीच्या रस्त्यांची नावंही तशीच मैत्रीची आहेत: आफ्रिका अॅव्हेन्यू, क्वामे एन्क्रुमा मार्ग, नेल्सन मंडेला मार्ग. मंडेला मार्गावर वसंत कुंजचे मॉल आहेत. तिथून जवळच्या किशनगढ गावात 20 मे 2016 च्या रात्री रिक्षा कुणी ठरवली यावरून भांडण झालं आणि कांगोच्या एका तरुण शिक्षकाला दगडानं ठेचून मारलं.

आफ्रिका दिन पाच दिवसांवर होता. आफ्रिकन राजदूतांनी सरकारी सोहळा पुढे ढकलण्याची मागणी केली. परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी लगेच कडक कारवाईचं आश्वासन दिलं. आठवड्यानं छतरपूरजवळच्या राजपूर खुर्दमध्ये पुन्हा हल्ले झाले. तेव्हा त्यांचेच राज्यमंत्री जनरल व्ही. के. सिंह यांनी ट्विट केलं की ही किरकोळ झटापट आहे आणि माध्यमं ती फुगवत आहेत. सांस्कृतिक मंत्री महेश शर्मा यांचं म्हणणं होतं की आफ्रिकासुद्धा सुरक्षित नाही. एकाच सरकारातून दोन आवाज आले. खालच्या ठाण्यानं यातला कुठला ऐकायचा? माझा अनुभव असा की खालचा माणूस नेहमी आपल्याला सोयीचा तो ऐकतो.

शर्मा हे गौतम बुद्ध नगरचे, म्हणजे नोएडा-ग्रेटर नोएडाचे खासदार. पुढचा हल्ला त्यांच्याच मतदारसंघात झाला.

दिल्लीची हद्द ओलांडली की पोलीस बदलतात. दिल्लीत केंद्राचे, गुरुग्रामात चंडीगडहून चालणारे, नोएडात लखनौहून चालणारे. ग्रेटर नोएडातल्या खासगी विद्यापीठांनी आफ्रिकेतून विद्यार्थी आणले, शुल्क डॉलरमध्ये घेतलं, आणि राहायला मुलं आजूबाजूच्या सोसायट्यांत गेली. मार्च 2017 मध्ये तिथला बारावीतला एक मुलगा रात्रभर बेपत्ता झाला. परत आल्यावर तो दगावला. अमली पदार्थाच्या अतिसेवनाचा संशय होता. आधी शेजाऱ्यांनी नायजेरियन मुलांनी त्याला खाल्लं असं म्हणत त्यांच्या घराची झडती घेतली, अगदी फ्रीजसकट. बेपत्ता मुलगा जिवंत परत आला तेव्हा आरोप बदलला. पाच नायजेरियन विद्यार्थ्यांना पोलिसांनी ताब्यात घेतलं आणि पुराव्याअभावी सोडलं. 27 मार्चला परी चौकात मेणबत्ती मोर्चा निघाला. त्यातूनच जमाव मॉलमध्ये शिरला आणि तिथं खरेदीला आलेल्या नायजेरियन विद्यार्थ्यांना लोखंडी खुर्च्या आणि कचऱ्याच्या डब्यांनी मारलं. त्यांचा त्या मुलाशी काडीचा संबंध नव्हता.

योगी आदित्यनाथ मुख्यमंत्री होऊन आठ दिवस झाले होते. स्वराज यांनी त्यांना फोन केला, निष्पक्ष चौकशीचं आश्वासन मिळालं, अटका झाल्या. प्रशासन हललं, हे मान्य. पण आफ्रिकन राजदूतांनी एकत्र निवेदन काढलं आणि त्यात हे हल्ले परकीयद्वेषातून व वंशद्वेषातून झाल्याचं स्पष्ट म्हटलं. आळा बसेल असे उपाय भारतानं केले नाहीत, आणि संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेनं चौकशी करावी, असंही म्हटलं. आपल्याला हे झोंबलं. स्वराज यांनी लोकसभेत सांगितलं की तपास पूर्ण होईपर्यंत याला वांशिक म्हणू नये.

त्याच आठवड्यात भाजपचे माजी खासदार तरुण विजय एका विदेशी वाहिनीवर बसले. भारतीय वंशवादी असते तर तमिळनाडू, केरळ, कर्नाटक, आंध्र अशा अख्ख्या दक्षिणेसोबत राहिले असते का, आपल्या आजूबाजूला काळे लोक आहेतच की, असं ते बोलून गेले. मग माफी मागितली. पी. चिदंबरम यांनी विचारलं, यातले ‘आपण’ म्हणजे कोण? मला तरुण विजय यांचे आभार मानावेसे वाटतात. प्रॉपर्टी डीलर जे कुलूप लावता लावता बोलतो तेच ते प्रकाशझोतात बोलले.

हा दोष एकाच पक्षाचा मानायचं कारण नाही. 2016 च्या सुरुवातीला बंगळूरुत टांझानियाच्या विद्यार्थिनीला जमावानं मारहाण करून तिचे कपडे फाडले. कर्नाटकात काँग्रेसचं सरकार होतं आणि गृहमंत्री परमेश्वर यांचं पहिलं म्हणणं हेच की हा वांशिक हल्ला नाही. दिल्लीत आप, केंद्रात भाजप, बंगळूरुत काँग्रेस, आणि पहिलं वाक्य सगळ्यांचं एकच.

*

मराठी वाचकानं इथं सुस्कारा टाकून पान उलटू नये.

2013 च्या ऑक्टोबरअखेर गोव्यात पर्रा इथं एका नायजेरियन तरुणाचा खून झाला. त्याच्या साथीदारांनी पर्वरीजवळ महामार्ग अडवला. मनोहर पर्रीकरांच्या मंत्रिमंडळातले कला-संस्कृती मंत्री दयानंद मांद्रेकर यांनी नायजेरियन लोकांना कॅन्सरची उपमा दिली. ओरड झाल्यावर दिलगिरी व्यक्त केली. नायजेरियाच्या एका राजनैतिक अधिकाऱ्यानं उलट धमकी दिली की आमच्याकडे पुष्कळ भारतीय राहतात, त्यांना रस्त्यावर काढू. भारतीय माणूस तिकडे ‘परका’ असतो, ही आठवण आपल्याला अशी करून द्यावी लागते. मंत्र्याची खुर्ची मात्र हलली नाही. मुंबईत 2008 मध्ये रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या बिहारी मुलांना कुणी आणि कुणाच्या भाषणांनंतर मारलं ते सांगायला नको. 2012 च्या ऑगस्टमध्ये हल्ल्यांच्या अफवांनी घाबरून बंगळूरु आणि पुण्याच्या स्थानकांवर गुवाहाटीच्या गाड्यांसाठी ईशान्येतली पोरं ट्रंका घेऊन बसली होती, तेव्हाही गृहमंत्री शिंदेच होते. त्या वेळी केंद्रानं एकगठ्ठा एसएमएसवर तातडीनं मर्यादा घातली.

आणि आपल्याकडे याहून वेगळाही इतिहास आहे. दिल्लीच्या खिडकीवरून मला नेहमी आपली खडकी आठवते. हबशी म्हणून गुलामीत विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता झाला. त्यानं 1610 मध्ये वसवलेल्या खडकीचं पुढे औरंगाबाद झालं. 1624 ला भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले. अलीकडचं उदाहरण औंधच्या अप्पासाहेब पंतांचं. 1948 मध्ये नेहरूंनी या राजपुत्राला नैरोबीला भारताचा कमिशनर म्हणून पाठवलं. हा माणूस आपली बाजू मांडील, अशी तिथल्या भारतीय व्यापाऱ्यांची अपेक्षा होती. पंतांनी केनियाच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते केनियाटा यांच्याशी मैत्री केली, आफ्रिकन मुलांना भारतात शिकायला शिष्यवृत्त्या मिळवून दिल्या, ब्रिटिशांचा रोष ओढवून घेतला आणि 1954 मध्ये त्यांना तिथून यावं लागलं. त्याच काळात, 1955 मध्ये, दिल्ली विद्यापीठात आफ्रिका अभ्यास विभाग निघाला. त्या लाटेत दिल्लीत शिकायला आलेल्यांपैकी बिंगू वा मुथारिका पुढे मलावीचे राष्ट्राध्यक्ष झाले. त्या काळात दिल्लीचे घरमालक आफ्रिकन मुलांना आनंदानं खोल्या देत होते, असा माझा भ्रम नाही. पण वरून येणारं वाक्य वेगळं होतं, आणि ते बोलणारा पंतप्रधान होता.

एका वाक्यानं काय होतं, असं विचारणाऱ्यांसाठी ब्रिटनचं उदाहरण. 20 एप्रिल 1968 ला इनॉक पॉवेल यांनी बर्मिंगहॅमला स्थलांतरितांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण केलं. दुसऱ्याच दिवशी पक्षनेते एडवर्ड हीथ यांनी त्यांना आपल्या छाया मंत्रिमंडळातून काढलं. लंडनच्या गोदी कामगारांनी पॉवेलच्या बाजूनं मोर्चे काढले, म्हणजे हीथनं लोकप्रिय माणसाला काढलं होतं. वंशद्वेष संपला नाही. पण मोठ्या पक्षाच्या पुढाऱ्यानं तसं बोलायची किंमत ठरली. आपल्याकडे ‘कॅन्सर’ची किंमत दिलगिरी, ‘झटापटी’ची काहीच नाही.

इथं होऊ शकतं, याचा दाखला करोनानं दिला. 22 मार्च 2020 ला दिल्लीच्या विजय नगरमध्ये एक माणूस मणिपुरी मुलीवर थुंकला आणि ‘कोरोना’ म्हणाला. आदल्याच दिवशी गृहमंत्रालयानं राज्यांना ईशान्येतल्या लोकांच्या छळाबद्दल सूचना पाठवली होती. केजरीवालांनी जाहीर निषेध केला, अरुणाचलचेच असलेले केंद्रीय मंत्री किरेन रिजिजू बोलले, गुन्हा नोंदला गेला, आरोपी पकडला गेला. थुंकणारे लगेच थांबले नाहीत. पण तक्रार घ्यायची की नाही, असा प्रश्न ठाणेदारासमोर उरला नव्हता. ती मुलगी मतदार होती, तिच्या राज्याचे खासदार होते, मंत्रिमंडळात तिच्या बाजूचा माणूस होता.

खिडकीतल्या सलूनवालीच्या बाजूचा माणूस म्हणजे चाणक्यपुरीतला राजदूत. त्याच्याकडे निवेदनं आहेत, मतं नाहीत. तिचा घरमालक तिचं राहणं परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाला कळवणारा सी फॉर्म चोवीस तासांत भरायला बांधील असतो. त्या कागदावर तिचा व्हिसा तोललेला असतो, आणि म्हणून भाडं वाढलं तरी ती बोलत नाही. तरी काही चांगलं इथंच उगवलं आहे. खिडकीतल्या ‘खोज’ या कलासंस्थेच्या आधारानं तिथल्याच लोकांनी ‘खिडकी आवाज’ नावाचं हिंदी-इंग्रजी वर्तमानपत्र काढलं. त्यात सोमाली, अफगाणी, बिहारी, कांगोलीज शेजाऱ्यांच्या गोष्टी छापल्या गेल्या. कुठल्याही मंत्र्यानं न सांगता.

सोमनाथ भारती 2014 नंतर मालवीय नगरमधून 2015 आणि 2020 मध्ये पुन्हा निवडून आले. 2025 मध्ये ते भाजपच्या सतीश उपाध्याय यांच्याकडून हरले, पण त्या निवडणुकीत खिडकीच्या रात्रीचा विषय कुणी काढल्याचं मला आठवत नाही. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली. जमावानं वंशावरून केलेल्या खुनासाठी आणि गंभीर दुखापतीसाठी तिच्यात वेगळी तरतूद आहे, म्हणजे माणूस मेला किंवा जबर जखमी झाला तर. बेझबरुआ समितीनं नुसत्या अपमानासाठी सुचवलेली दोन्ही कलमं तिच्यात नाहीत.